पेशीच्या आतलं तापमान कसं मोजायचं, गुठळ्या आणि लोडशेडिंगसकट

अंगात ताप आहे का बघायला आपण कपाळाला हात लावतो, पण पेशी जेमतेम 10-20 मायक्रॉनची, तिला हात लावणार कुठे. म्हणून चमकणारे नॅनोकण आत सोडायचे आणि त्यांच्या उजेडावरून तापमान काढायचं. मी रत्नागिरीत एका लहान लॅबमध्ये यटर्बियम-अर्बियम या दुर्मिळ धातूंचे कण वापरतो. 980 नॅनोमीटरच्या लेझरखाली हे हिरवे चमकतात, त्या हिरव्यात 525 आणि 545 नॅनोमीटरच्या आसपास उजेडाचे दोन पट्टे असतात, गरम झालं की 545 च्या मानाने 525 वाढतो. नुसता उजेड किती ते बघूच नका, फोकस जरा हलला की तो बदलतो, दोघांचा भागाकार मात्र बराच टिकतो.

कण आधी सोनिकेटरमध्ये, म्हणजे आवाजाच्या लहरींनी ढवळणाऱ्या यंत्रात, नीट फोडून घ्या, नाहीतर घावनाच्या पिठात पडतात तशा गुठळ्या होतात आणि पेशी त्या गिळत नाहीत. मग मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, मिसळून काही तास ठेवा, पेशी स्वतःच आत ओढतात, नंतर धुऊन टाका. कण बहुतेक आतल्या पिशव्यांतच अडकतात, म्हणजे आकडा त्या जागेचा येतो, अख्ख्या पेशीचा नाही हे लक्षात असू द्या.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे कुठल्या तापमानाला किती भागाकार येतो ते आधी बघून ठेवणं, इथे घाई नको. 25 पासून 40 डिग्रीपर्यंत तीन-तीन डिग्रीने वर जायचं, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबायचं. हॉटप्लेटवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, बारीक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) डिशच्या पाण्यातच बुडवा, कारण मायक्रोस्कोपची तेलवाली लेन्स डिशची उष्णता ओढून घेते. भागाकाराचा लॉग आणि 1 भागिले केल्विन असा ग्राफ काढला की सरळ रेघ यायला हवी. आमची एकदा जूनमध्ये मध्येच लाईट गेली, एसी बंद, लेन्सवर दमट हवेची वाफ, आणि आलेख असा वाकडा झाला की सगळं पुन्हा केलं.

लेझरची पॉवर कमी ठेवा, 980 चा उजेड पाणी स्वतःच शोषतं आणि तापतं, म्हणजे मोजायला गेलो तोच चूल पेटवतोय. पॉवर अर्धी करून पुन्हा मोजा, आकडा हलला तर लेझरच गरम करतंय.

आणि पेशीत 2 डिग्रीचा फरक दिसला तर आनंदाने उड्या मारू नका हां. 2014 मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी हिशोब मांडला होता की एकटी पेशी जेवढी उष्णता काढते त्याने फरक डिग्रीच्या लाखाव्या हिश्श्याइतकाच पडायला हवा. मग मारून फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने जशाच्या तशा टिकवलेल्या, पेशींवर तेच मोजा, तिथेही 2 डिग्री दिसले तर ते पेशीचं नाही, कणांचं किंवा दोन पट्टे वेगळे करणाऱ्या तुमच्या फिल्टरचं काम आहे.