हळदीचा आणि पांढरा, दोन थरांचा कोल्ड प्रोसेस (म्हणजे न शिजवता केलेला) साबण घरी कसा करायचा

दोन थरांच्या साबणात रंग एकमेकांत मिसळतात ते बहुतेक वेळा एकाच कारणामुळं, सगळं मिश्रण एकदम घोटायचं आणि मग त्याचे दोन भाग करायचे. पहिला थर बसेपर्यंत दुसरा भाग पातेल्यातच घट्ट होतो, आणि घाई करून ओतला तर खालचा थर फुटतो. म्हणून दोन्ही थर वेगवेगळेच घोटा, वेळ थोडा जास्त जातो पण रेघ एकदम स्वच्छ येते.

प्रमाण असं. खोबरेल तेल 300 ग्रॅम, शेंगदाणा तेल 150, एरंडेल 50, कॉस्टिक सोडा 75 आणि डिस्टिल्ड वॉटर 150 ग्रॅम. सगळं वजनानंच, वाटीनं मोजायचं नाही. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो, त्यामुळं शेंगदाण्याऐवजी दुसरं तेल वापरणार असाल तर लाय कॅल्क्युलेटरवर (कोणत्या तेलाला किती सोडा लागतो ते सांगणारा ऑनलाइन हिशोब) हिशोब परत करा, हे फार महत्त्वाचं आहे. सोडा केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणायचा, ड्रेनेज साफ करायची पावडर अजिबात नको.

आता सावधगिरी. ग्लोव्हज, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिडकी उघडी, पोरं आणि मांजर बाहेर. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमला सोडा खातो. अंगावर उडालंच तर व्हिनेगर लावत बसू नका, सरळ नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरा, आणि डोळ्यात गेलं तर धुवून लगेच डॉक्टरकडं.

पाणी भसकन तापतं, ते 40 डिग्रीच्या आसपास येईपर्यंत थांबा. तेलं एकत्र कोमट करून घ्या (थंडीत खोबरेल थिजलेलं असतं, पूर्ण वितळलं पाहिजे), मग 250-250 ग्रॅम दोन पातेल्यांत. सोड्याचं पाणीही वजन करून निम्मं-निम्मं.

रंगासाठी आपल्या सांगलीत बाहेरून काही आणायची गरज नाही, 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली हळद दारातच आहे की. एका पातेल्यातल्या तेलात अर्धा चमचा हळद, गुठळी न राहता. जास्त घातली तर टॉवेल पिवळे होतात. सोडा पडला की हळद लालसर होते, कुंकू पण याच तत्त्वावर हळद आणि चुन्यापासून करतात, त्यामुळं मिश्रण विटकरी दिसलं तर घाबरू नका, वाळताना ते केशरी-पिवळ्याकडं येतं.

हळदीचा थर आधी. सोड्याचं पाणी हळूहळू ओता, हँड ब्लेंडर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, इडलीच्या पिठाइतकं दाट झालं की बटर पेपर लावलेल्या खोक्यात ओतून आपटून सपाट करा. मग थांबायचं. चमच्याची पाठ वर हलकेच टेकवून बघा, खळगा पडला पण चमचा आत गेला नाही की वेळ झाली. फार उशीर केला तर थर नीट चिकटत नाहीत आणि कापताना वडीचे दोन तुकडे होतात.

त्यानंतरच दुसरं पातेलं घोटायला घ्या, आणि ते पातळच ठेवा, ब्लेंडर उचलल्यावर वर नुसती रेघ उमटली की बस. चमचा पृष्ठभागाजवळ आडवा धरून त्याच्या पाठीवरून ओतायचं, धार वरून सरळ पडली तर खाली खड्डा होतो. गवती चहाचं तेल घालायचं तर 5 ग्रॅम, तेही याच थरात. फुलांचे सेंट टाळा, त्यातले बरेचसे मिश्रण एकदम घट्ट करतात.

झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी दाबून बघून कापा, खोबरेल जास्त असल्यामुळं फार थांबलात तर वडी कापताना ठिसूळ होते. कापताना ठोकळा आडवा पाडून सुरी चालवा म्हणजे हळदीचा रंग पांढऱ्यावर ओढला जात नाही. मग 4 ते 6 आठवडे हवेशीर जागेत, उन्हात नको कारण हळदीचा रंग उडतो. पावसाळ्यात साताऱ्याकडच्या दमट हवेत वड्यांना पाण्याचे थेंब सुटतात, ते साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं म्हणून, साबण बिघडलेला नसतो. फक्त अशा वेळी प्लास्टिकमध्ये बांधू नका, कागदात गुंडाळून जाळीच्या टोपलीत ठेवा.