वेबसाइटच्या ऑर्डरी रोज डाउनलोड करताय? एक्सेल थेट मायएसक्यूएलला जोडा

आमच्या ओळखीत एका काकूंचा मसाल्यांचा धंदा आहे, वेबसाइटवर ऑर्डरी येतात आणि त्यांची मुलगी रोज सकाळी ॲडमिन पॅनलमधून सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्ये पेस्ट करायची. एक दिवस दोनदा पेस्ट झालं आणि त्या दिवशी अर्ध्या ऑर्डरी डबल पॅक झाल्या. तेव्हा बसून एक्सेल सरळ डेटाबेसला जोडून दिलं. तेच इथे लिहितोय, विंडोज, एक्सेल आणि मायएसक्यूएल (वेबसाइट ज्यात ऑर्डरी साठवते तो डेटाबेस) धरून.

आधी एकच गोष्ट बघा, कारण निम्मी डोकेदुखी तिथेच असते: तुमचं एक्सेल ३२ बिट आहे की ६४. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल, वरच्याच ओळीत लिहिलेलं असतं. विंडोज ६४ बिट आहे म्हणजे एक्सेलही तसंच असेल असं नाही हां. ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे एक्सेल आणि डेटाबेसमधला दुवा असलेला छोटा प्रोग्राम, एक्सेलच्या बिटचा लागतो, विंडोजच्या नाही. चुकलं तर 'आर्किटेक्चर मिसमॅच' असा एरर येतो, किंवा डेटा सोर्सचं नाव सापडत नाही म्हणतं आणि आपण बसतो पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत. यात मायक्रोसॉफ्टने गंमत करून ठेवलीये, ६४ बिटची ओडीबीसी खिडकी 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये आहे आणि ३२ बिटची 'सिसवाव६४' मध्ये! त्यामुळे फोल्डरमध्ये शोधायलाच जाऊ नका, स्टार्टमध्ये ओडीबीसी टाइप करा, दोन्ही खिडक्या कंसात बिट लिहून समोर येतात.

आता डेटाबेसच्या बाजूला या. वेबसाइटवाल्याला सांगून एक वेगळा युजर करून घ्या ज्याला फक्त सिलेक्टची परवानगी असेल, म्हणजे वाचता येईल पण बदलता नाही येणार. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड कोणी देत असेल तरी घेऊ नका, तेच लॉगिन उद्या दुसऱ्या प्रोग्रामला द्याल आणि चुकून एखादं टेबल पुसलं गेलं तर रडायला जागा नाही. जमलं तर त्याच्याकडून एक व्ह्यू (हवे तेवढेच कॉलम दाखवणारं तयार टेबल) पण बनवून घ्या, ऑर्डर नंबर, तारीख, नाव, गाव, माल, रक्कम एवढंच असलेला. नाहीतर वेबसाइटची चाळीस-पन्नास टेबलं बघून डोकं फिरतं.

होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलीये त्या सर्व्हरवर, बाहेरून कनेक्शन बहुतेक बंदच असतं. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये) रिमोट मायएसक्यूएल किंवा रिमोट डेटाबेस ॲक्सेस म्हणून पान असतं, तिथे तुमच्या दुकानाचा आयपी (इंटरनेट कनेक्शनचा पत्ता) टाकावा लागतो. आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, आज जोडलं, मस्त चाललं, रात्री लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला, आयपी बदलला आणि सकाळी ॲक्सेस डिनाइड. मग कोणीतरी सल्ला देतं की आयपीच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाक, कुठूनही चालेल. हो चालेल, जगातल्या कोणालाही प्रयत्न करता येईल! असं करू नका. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या, थोडे पैसे जातात, किंवा जाणकार हाताशी असेल तर व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतचा खासगी, सुरक्षित मार्ग) लावून घ्या.

ड्रायव्हर टाकायचा तो मायएसक्यूएल कनेक्टर ओडीबीसी. टाकला की लिस्टमध्ये दोन नावं दिसतील, अँसी आणि युनिकोड. युनिकोडच निवडा, अँसी घेतलात तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येऊ शकते आणि तुम्ही फॉन्ट बदलत बसाल. मग ओडीबीसी खिडकीत सिस्टम डीएसएन (डीएसएन म्हणजे या जोडणीची नाव देऊन ठेवलेली माहिती), ॲड, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ३३०६, युजर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव, आणि टेस्ट दाबा. डीएसएनला साधं नाव द्या, पुढे उपयोगी पडतं.

टेस्ट फेल झाली तर एरर नीट वाचा. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात पण युजर, पासवर्ड किंवा आयपी त्याला मान्य नाही. 'कॅन्ट कनेक्ट' म्हणजे तिथवर पोचलातच नाही, फायरवॉल, पोर्ट नाहीतर पत्त्यात गडबड.

एक्सेलमध्ये मग डेटा, गेट डेटा, फ्रॉम अदर सोर्सेस, फ्रॉम ओडीबीसी, तुमचा डीएसएन. लॉगिन विचारलं की डावीकडे डेटाबेस निवडून युजर-पासवर्ड द्या, विंडोजवर क्लिक करू नका. व्ह्यू निवडला की लगेच लोड नको, ट्रान्सफॉर्म डेटा दाबा आणि तारखेवर फिल्टर लावा, मागचे तीन महिने पुरतात. एका शीटमध्ये १०,४८,५७६ च ओळी मावतात, पण फाइल त्याच्या कितीतरी आधी रडायला लागते.

तिथेच तारखेचा कॉलम तपासून घ्या. बरेच सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ ठेवतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या ऑर्डरी आदल्या दिवसात जातात आणि रोजचा हिशोब जुळत नाही. तसं असेल तर पॉवर क्वेरीत (ट्रान्सफॉर्म डेटा दाबल्यावर उघडलेली खिडकी) ५ तास ३० मिनिटं मिळवलेला नवा कॉलम करा आणि फिल्टर त्याच्यावर लावा.

रिफ्रेशसाठी क्वेरीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइल उघडली की रिफ्रेश, यावर टिक करा. दर मिनिटाला रिफ्रेश लावायचा मोह होतो, पण शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतात तिथे) वेबसाइटच हळू होऊ शकते, मी अर्ध्या तासाच्या खाली जात नाही.

आणि फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलीत तर तिथेही ड्रायव्हर आणि त्याच नावाचा डीएसएन लागेल, पासवर्ड फाइलबरोबर जात नाही, तो तिथे परत टाकावा लागतो.