घरचं सोयाबीन बियाणं पेरण्याआधी गोणपाटावर तपासा

घरचं सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही, तर दुबार पेरणीचा खर्च कंबरडं मोडतो. मे महिन्यातच ही तपासणी करून ठेवा, खर्च शून्य.

१. प्रत्येक पोत्यातून खालून, मधून, वरून मूठभर बी काढून एकत्र मिसळा. त्यातले सरसकट १०० दाणे मोजा. टपोरे तेवढे निवडायचे नाहीत, नाहीतर आकडा फसवा येतो.

२. गोणपाट भिजवून पिळून घ्या. त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे थोडं अंतर ठेवून मांडा. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून सैलसर गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा.

३. रोज पाणी शिंपडा. ओल हवी, पण पाणी निथळता कामा नये. साचलं की बी कुजतं.

४. सहा-सात दिवसांनी उलगडून फक्त निरोगी, धड मोड आलेले दाणे मोजा. वाकडेतिकडे, बुरशी धरलेले सोडून द्या.

७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरे. ६५ आले तर साडेबत्तीस, ६० आले तर ३५ किलो पेरा. त्याखाली असेल तर ते बी पेरूच नका, बाजारात विका.

एक जपा: सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. तपासणीनंतर पोती आपटली, तर चांगलं बीही आतून फुटतं. गाडीतून उतरवताना हातानेच ठेवा.