घरातून व्यवसाय सुरू करताय? कोल्हापूरकरांनी परवान्यांच्या बाबतीत या चुका टाळाव्यात

राजारामपुरीत राहणाऱ्याच्या आणि पाचगावात राहणाऱ्याच्या पत्त्याखाली ‘कोल्हापूर’ हेच नाव असते. पण घरातून चटणी विकायची, शिवणकाम करायचे किंवा चपला बनवायच्या म्हटले, की या दोघांना वेगवेगळ्या दारांत उभे राहावे लागते. महानगरपालिका १९७२ साली अस्तित्वात आली, हद्दवाढीचा विषय मात्र वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला, आणि त्यामुळे शहराला पूर्णपणे चिकटलेली अनेक गावे ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिली. अशा गावात राहून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्जाचा नमुना विचारत फिरणे ही पहिली आणि सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. घरफाळ्याची पावती काढून पाहावी. ती ज्या संस्थेची आहे, तिच्याकडेच व्यवसायाच्या जागेविषयीची पहिली विचारणा करायची. ग्रामपंचायत हद्दीत तिचा ना हरकत दाखला लागतो, आणि बांधकामात फेरफार करायचा असेल तर ते गाव २०१७ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत येते का, हेही पाहावे लागते.

एका कागदाला दुसरा कागद समजणे

‘शॉप ॲक्ट काढला आहे, आता काही चिंता नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू येते, आणि नंतरच्या बहुतेक अडचणी याच समजुतीतून उगवतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायाने सुरुवातीपासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. ही पावती म्हणजे परवाना नव्हे. हा कायदा कामगारांच्या नोकरीविषयी व सेवाशर्तींविषयी आहे. तुमच्या इमारतीत तो व्यवसाय चालतो की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. बँकेत चालू खाते उघडताना ही पावती उपयोगी पडते आणि एवढ्यावरूनच ती सर्वसमावेशक असल्याचा ग्रह होतो.

उद्यम नोंदणीचेही तसेच आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यामुळे तिच्यासाठी कुणी शुल्क मागत असेल तर ते त्या मध्यस्थाचे आहे, शासनाचे नाही. तिने सूक्ष्म उद्योग म्हणून ओळख मिळते, व्यवसाय करण्याची परवानगी मिळत नाही. अनिवासी दराने घरफाळा भरला म्हणून वापर नियमित झाला, ही समजूतही चुकीची आहे. कर आकारणी आणि वापराची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

महापालिकेचा स्वतःचा व्यवसाय परवाना वेगळाच असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ प्रमाणे काही वस्तूंचा साठा आणि उपद्रवकारक ठरू शकणारे काही धंदे परवान्याशिवाय करता येत नाहीत. आपला व्यवसाय त्या यादीत येतो का, हे परवाना विभागाकडे लेखी विचारावे, कारण खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर पुढे कुणीही मान्य करत नाही.

‘घरगुती’ या शब्दाचा सोयीचा अर्थ लावणे

घरात चालतो तो घरगुती व्यवसाय, असे आपण बोलताना म्हणतो. नियमाला एवढे पुरत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी विभागात रूढ घरगुती उद्योगांना मुभा आहे, पण तो उद्योग कुटुंबातील माणसांनी, पगारी मजूर न ठेवता करायचा आहे, आणि मोटर वापरायची असल्यास एकूण भार ०.७५ किलोवॉट, म्हणजे १ अश्वशक्तीपेक्षा अधिक असता कामा नये. शिलाई यंत्र यात आरामात बसते. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीचे काम वाढले म्हणून घरी आणलेले तीन अश्वशक्तीचे कांडप यंत्र बसत नाही, आणि शेजारच्या दोन बायका मजुरीने कामाला येऊ लागल्या की ‘कुटुंबातील माणसे’ ही अटही मोडते. कामाचा व्याप याच टप्प्यावर वाढत असल्याने कुणाच्या ते लक्षात येत नाही. लक्षात येते ते खालच्या मजल्यावरच्या रहिवाशाने आवाजाची तक्रार केल्यावर. यंत्र विकत घेण्याआधी त्याच्या मोटरवरची पट्टी वाचणे, हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीची आणि भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी संमती आधीच घ्यावी.

विजेच्या मीटरबाबत दोन टोकांच्या चुका

काही जण पहिल्याच दिवशी व्यावसायिक जोडणी घेऊन विनाकारण चढा दर भरतात, तर काही जण वापर कितीही वाढला तरी घरगुती दरावरच राहतात. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत यासाठी मधली वाट ठेवलेली आहे : घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दर लागू राहतो. यात घराचा आणि व्यवसायाचा वापर एकत्र धरला जातो, ही बाब बहुतेकांच्या नजरेतून निसटते. एप्रिल-मे महिन्यांत पंखे, फ्रीज आणि ओव्हन मिळून ही मर्यादा ओलांडू शकते. नवा दर आदेश निघाल्यावर ही अट पुन्हा तपासावी.

खाद्यपदार्थ, गॅस आणि वेष्टन

ओळखीच्या चार घरांना डबे देतो, त्याला कसली नोंदणी, हा युक्तिवाद टिकत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली लहानांत लहान अन्न व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. २०११ च्या नियमावलीने त्यासाठी वार्षिक १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवले होते; अर्ज भरताना चालू मर्यादा अन्न नोंदणीच्या फॉसकॉस या शासकीय संकेतस्थळावर पाहून घ्यावी. येथे घोटाळा होतो तो उलाढाल आणि नफा यांत. वर्षाकाठी हातात तीन लाख उरतात म्हणून ‘तीन लाख’ लिहिणे चूक आहे. विक्रीची संपूर्ण रक्कम लिहायची असते. मिळालेला १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.

व्यवसायासाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. बंद पाकिटातून माल विकायचा असेल तर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हे तपशील लागतात, आणि ज्या काट्यावर वजन केले त्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या खात्याकडून, मुदतीत पडताळणी झालेली असावी लागते.

चपलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भागातल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात. आपण कोल्हापुरातच राहतो एवढ्याने ते मानांकन आपोआप वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

अर्ज परत आला किंवा नोटीस आली तर

अर्ज परत येण्याचे एक खास कोल्हापुरी कारण म्हणजे पत्ता. वीज बिलावर सिटी सर्व्हे क्रमांक आणि ‘ई वॉर्ड’, आधार कार्डावर राजारामपुरीची गल्ली, आणि भाडेकरारावर फक्त अपार्टमेंटचे नाव, अशी एकाच घराची तीन रूपे सापडतात. घरफाळ्याच्या पावतीवरचा पत्ता आधार मानून बाकीचे सर्व अर्ज त्याच शब्दांत भरावेत, आणि पुरावा म्हणून जोडायचा कागद वेगळ्या पत्त्याचा असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

विजेच्या अनधिकृत वापराबद्दल वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तात्पुरत्या आकारणीचा आदेश आला, तर घाईने पैसे भरून मोकळे होण्याआधी वर सांगितलेली ३०० युनिटची अट आपल्याला लागू होती का, हे मागील वर्षाची बिले समोर ठेवून पाहावे, कारण या कलमाखालची आकारणी लागू दराच्या दुप्पट असते. हरकत लेखी द्यावी, सोबत बिलांच्या प्रती जोडाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. अंतिम आदेश ३० दिवसांत अपेक्षित असतो. त्याविरुद्ध अपिलासाठी पुढचे ३० दिवस मिळतात, पण तोपर्यंत आकारलेल्या रकमेचा अर्धा भाग भरलेला असावा लागतो.