योक सोडला तरी विमान डावीकडे कलायचं, शेवटी सापडलं कारण

कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जुना योक (विमान वळवायचं हँडल) हातातून सोडला तरी सेसना १७२ हे छोटं विमान आपोआप डावीकडे कलायचं, मी आधी ट्रिम (विमान सरळ ठेवायची बारीक जुळवणी), वारा, सेटिंग सगळं बघत बसलो. मग विंडोजच्या गेम कंट्रोलर पॅनेलमध्ये पाहिलं तर हात न लावता योकची जागा दाखवणारी फुली नाचतेय, म्हणजे आतला पोटेन्शिओमीटर (योक किती फिरला ते मोजणारा, घासत फिरणारा भाग) झिजलेला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, थोडा डेडझोन (मधला भाग, जिथली हालचाल धरली जात नाही) ठेवला, दोन महिने बरं चाललं, परत तेच.

शेवटी हॉल सेन्सरवाला योक घेतला. हालचाल मोजायला त्यात चुंबक असतो, घासायला काही नाहीच, आणि दोन्ही बाजूंना ९० अंश फिरतो त्यामुळे लँडिंगला बारीक हात देता येतो, फार सुख आहे हे! घेण्याआधी टेबलाची जाडी मोजा, क्लॅम्प बसायला हवा. फक्त ए३२० सारखी एअरबस उडवणार असाल तर योक नकोच, तिथे साइडस्टिक (बाजूला असलेली छोटी दांडी) असते.