गणित संघातली रिले फेरी: नव्या सदस्यांसाठी एक अनुभव

अमेरिकेतील शालेय संघांच्या 'अमेरिकन रीजन्स मॅथेमॅटिक्स लीग' या स्पर्धेत एका संघात १५ विद्यार्थी असतात आणि एकूण ३०० गुणांपैकी १५० वैयक्तिक फेरीचे असल्यामुळे, संघात नव्याने आलेला विद्यार्थी एकट्यानेच अवघड गणिते सोडवत बसतो. मीही पहिले काही महिने तेच केले. सांघिक फेरीत २० मिनिटांत १० प्रश्न सर्वांनी मिळून सोडवायचे असतात, तर पॉवर फेरीत तासाभरात सिद्धता लिहायच्या असतात. या दोन्हींत आपली चूक शेजारच्याच्या लक्षात येऊ शकते. रिलेमध्ये मात्र तिघे एकामागे एक बसतात, बोलण्यास मनाई असते आणि मागे जाते ती फक्त उत्तराची चिठ्ठी.

एका सरावात मी पहिल्या जागेवर होतो. ७२ ला किती धन विभाजक आहेत, असा प्रश्न होता. ७२ म्हणजे २ चा घन गुणिले ३ चा वर्ग. घातांकांत एकेक मिळवून ४ गुणिले ३, म्हणजे १२, असे उत्तर यायला हवे होते. घाईत मी घातांकच गुणले आणि ६ लिहून चिठ्ठी मागे दिली. दुसऱ्याला तेवढ्या बाजूंच्या सुसम बहुभुजाकृतीचा आंतरकोन काढायचा होता. त्याला १५० अंशांऐवजी १२० अंश मिळाले, आणि तेही नेटकेच उत्तर असल्याने शंका यायला जागा नव्हती. तिसरीने ४ आणि ६ लांबीच्या बाजूंमध्ये तो कोन असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६ ऐवजी ६√३ लिहिले. दोघांचे काम निर्दोष होते, तरी गुण शून्य.

तिसरीची तयारी मात्र शिकण्यासारखी होती. चिठ्ठी येण्याआधीच तिने क्षेत्रफळ १२ गुणिले त्या कोनाचा साइन इथपर्यंत आणून ठेवले होते, त्यामुळे संख्या हाती पडल्यावर तिला काही सेकंदच लागले. मागच्या जागांवर बसणाऱ्यांनी मिळणारी संख्या अक्षराने मांडून गणित असे शेवटपर्यंत न्यावे. तीन मिनिटांच्या आत अचूक उत्तर दिल्यास सहा मिनिटांनी दिलेल्या उत्तरापेक्षा अधिक गुण मिळतात, ते याच तयारीमुळे. पहिल्या जागेवरच्याने वेळ वाचवण्याच्या नादात पडताळणी टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे ४८ चे विभाजक आले, तेव्हा सूत्राने १० मिळाल्यावरही मी १ व ४८, २ व २४, ३ व १६, ४ व १२, ६ व ८ अशा पाच जोड्या कोपऱ्यात लिहिल्या आणि मगच चिठ्ठी मागे दिली.