दोन गट आणि एक वय: एफएसएलमध्ये कोव्हेरिएटचे रकाने कसे भरावेत

एफएसएल हे मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येकाचं पहिल्या पातळीचं, म्हणजे एकेका माणसाचं, विश्लेषण झालंय आणि सगळ्यांच्या मेंदूचे नकाशे एकाच साच्यात बसवलेत, असं धरतो. दोन गट आहेत, रुग्ण आणि निरोगी. त्यांच्यातला फरक तपासताना वयाचा परिणाम बाजूला काढायचाय, म्हणजे वय हे आपलं कोव्हेरिएट.

आधी क्रम. डिझाइन म्हणजे कोण कुठल्या गटात आणि किती वयाचा, हे सांगणारा आकड्यांचा तक्ता. त्याची पहिली ओळ म्हणजे एकत्र केलेल्या फाइलमधला पहिला माणूस. फाइलींना १, २, ३ अशी नावं असतील तर संगणक १ नंतर १० उचलतो. म्हणून ००१, ००२ अशी नावं द्या आणि यादी एक्सेलशी ताडून बघा. इथे चुकलात तर कसलाही इशारा येत नाही, उत्तर मात्र थाटात येतं.

रकाने तीनच. पहिल्यात रुग्णांना १ आणि बाकीच्यांना ०, दुसऱ्यात त्याच्या उलट, तिसऱ्यात वय. 'सरासरीसाठी' म्हणून सगळीकडे १ असलेला चौथा रकाना घालू नका. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज तोच असतो. फीटच्या (एफएसएलमध्ये डिझाइन भरायच्या साधनाच्या) खिडकीत 'ग्रुप' नावाचा रकाना दिसेल, त्यात सगळ्यांना १ ठेवा. नाव फसवं आहे: तो रकाना विचलन (आकडे किती विखुरलेत ते) वेगवेगळं मोजण्यासाठी आहे, तुमचे गट सांगण्यासाठी नाही.

आता वय. लोक इथेच घसरतात, मीही घसरलोय. समजा रुग्ण २०, २४, २८ वर्षांचे आणि निरोगी ३०, ३४, ३८ वर्षांचे. (सहा जणांवर अभ्यास करू नका, हे फक्त हिशेबापुरतं.) सगळ्यांची सरासरी २९. ती प्रत्येकातून वजा केली की तिसऱ्या रकान्यात -९, -५, -१, १, ५, ९ येतात. एवढंच करायचं असतं.

'प्रत्येक गटाची सरासरी वेगळी वजा करा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. तसं केलं की दोन्ही गटांत -४, ०, ४ येतात आणि गटांमधला दहा वर्षांचा फरक रकान्यातून गायब होतो. तो जातो कुठे? थेट गटांच्या फरकात. लेखात तुम्ही 'वय विचारात घेतलं' लिहिता, आणि नकाशावर जे चमकतं त्यात वयच मिसळलेलं असतं.

वयाचा परिणाम दोन्ही गटांत वेगळा असेल अशी शंका असेल, तर वयाचा रकाना दोनांत फोडा. रुग्णांचं वय एकात, निरोग्यांचं दुसऱ्यात, उरलेल्या जागी शून्य. पण आधी सगळ्यांतून २९ वजा करा, शून्यं नंतर भरा. मी एकदा उलट केलं होतं, शून्यं भरून मग रकान्याची सरासरी वजा केली. आकडे सुबक दिसले. पण कागदावर मांडल्यावर कळलं की अशा डिझाइनमध्ये गटांची तुलना वय शून्य असताना होते. मी नवजात बाळांबद्दल निष्कर्ष काढत होतो, आणि अभ्यासात एकही बाळ नव्हतं! सामायिक, म्हणजे न फोडलेल्या, रकान्यात कुठलाही एकच आकडा सगळ्यांतून वजा केला तरी गटांचा फरक बदलत नाही. फोडलेल्या रकान्यांत तो बदलतो, म्हणून ही दक्षता.

वरच्या उदाहरणातली खरी अडचण मात्र कुठल्याच रकान्याने सुटत नाही. तुलना २९व्या वर्षी होतेय, पण सगळे रुग्ण २९च्या खाली आणि सगळे निरोगी २९च्या वर, म्हणजे दोन्हीकडून रेघ पुढे ओढलेली आहे. गटांची वयं एकमेकांत मिसळत नसतील तर कोव्हेरिएट घालून समाधान मानू नका. माणसं बदला, नाहीतर दावा आवरा.

काँट्रास्ट, म्हणजे कुठल्या रकान्यांची तुलना करायची ते सांगणारे आकडे, सोपे: गटांसाठी १ -१ ० आणि -१ १ ०, वयासाठी ० ० १ आणि ० ० -१. चाचणी एकतर्फी असते, म्हणून दोन्ही दिशा लिहायच्या. वय फोडून चार रकाने झाले असतील तर वयाचा परिणाम गटांत वेगळा आहे का, हे ० ० १ -१ आणि ० ० -१ १ ने आधी बघा. दोन्हींत काहीच दिसलं नाही तर सामायिक रकान्यावर परत या.

एफएसएलऐवजी एसपीएम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर हेच काम सेंटरिंगच्या यादीतल्या 'ओव्हरऑल मीन'ने होतं. एफएसएलवाल्यांनी मग रँडमाइझ (आकड्यांची पुन्हापुन्हा अदलाबदल करून चाचणी घेणारं एफएसएलचं साधन) ५००० फेऱ्यांवर लावा आणि चहाला जा.